सुबिनची खुर्ची

मुरेदो बेट
२४ ऑक्टोबर

चानू,

वय वर्षं चौदा, आणि विसरभोळेपणात आजीच्याही पुढे गेलास! पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंस म्हणे, ‘फक्त आजीसाठी, दुसऱ्या कुणी वाचू नये.’ अरे शहाण्या, तुझ्या आजीला अक्षर येत नाही. काल येत होतं आणि आज विसरले असंही नाही, कधी आलंच नाही. मग वाचणार कोण? कोंबड्या? तुझं पत्र वाचलं तुझ्या काकूनं. लुयेननं. आणि माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे, म्हणून मोठ्यानं वाचलं, अंगणात बसून. शेजारची ओक्जा लसूण सोलत होती. तिनंही ऐकलं. म्हणजे आता अख्ख्या बेटानं ऐकलं.

हे पत्रही तीच लिहितेय. मी बोलते तसं सगळं लिही, माझ्या शिव्यांसकट, असं तिला बजावलंय.

(चानू, मी काही गाळत नाही. – काकू)

तर तू काय लिहिलंस ते तुलाच ऐकवते. बापानं फोन काढून घेतलाय. एका साध्या गमतीवरून शाळेनं रान उठवलंय. तुमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचा बाप नेपाळहून आलेला. त्याच्या अंगाला मसाल्याचा वास येतो म्हणून ‘कुणीतरी’ रोज सकाळी त्याच्या खुर्चीवर सुगंधी फवारा मारायचं. सगळे हसायचे. तोही हसायचा म्हणे. आता तो शाळेत येतच नाही. आणि तुझ्यापुढं मोठं संकट काय? शाळेची चौकशी समिती बसणार, तुझ्या दाखल्यावर शेरा येणार, आणि चांगलं हायस्कूल हुकणार. म्हणून मी तुझ्या बापाचा कान पिरगाळावा, फोन सोडवावा आणि हिवाळ्याच्या सुट्टीत तुला इकडं बोलवावं.

तुझी काकू सगळं एका सुरात वाचत होती, रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात तसं. एकदाच थांबली. ‘तसले लोक आपल्यात मिसळत नाहीत आजी, तुला शहरातलं काही माहीत नाही,’ तिथं. पाणी प्यायली. पुढं वाचलं. संपल्यावर मला विचारते, “आई, उत्तर आत्ता लिहायचं, की वाळवणावरचं शेवाळ उलटून आल्यावर?” मी म्हटलं, शेवाळ उलटून ये.

तेवढ्यात बोमी दारात उभी दिसली. तुझी चुलत बहीण. आठवते ना? की तीही विसरलास? मार्चमध्ये ती तुझ्याच घरी राहून तुझ्याच शाळेत यायची आहे. ती आईला विचारत होती, “माझ्या खुर्चीवर पण मारतील का?”

मी ओरडत नाहीये. माझा आवाजच तसा आहे. मला दोनच गोष्टी कळव. चार पानांत तू स्वतःचं रडगाणं गायलंस, पण त्या पोराचं नाव एकदाही घेतलं नाहीस. नाव काय त्याचं? आणि हा ‘कुणीतरी’ कोण?

तुझी आजी,
मा बोंगनिम


मोक्पो
२ नोव्हेंबर

आजी,

मेलो मी. खरंच मेलो. तुझं पत्र आईनं जेवताना उघडलं आणि मला जेवण गेलं नाही.

काकू, तू हे वाचते आहेस. ते तुझ्याबद्दल नव्हतं गं. तू वेगळी आहेस. तू आपली आहेस. तुला कोण तसलं म्हणेल? आजीला हे वाचून दाखवताना प्लीज नीट सांग.

त्याचं नाव सुबिन. नेपाळमध्येही चालतं, इकडंही चालतं, म्हणून ठेवलं असं तो सहावीत सांगायचा. तेव्हा आम्ही एकाच फुटबॉल संघात होतो. तो गोलकीपर. चांगला होता.

आजी, तू म्हणतेस तसं सगळं काळंपांढरं नसतं. त्याला ‘बहुसांस्कृतिक’ आम्ही म्हणायला लागलो नाही, शाळाच म्हणते! दर महिन्याला हजेरी झाली की बाई सांगतात, “बहुसांस्कृतिक कुटुंबातल्या मुलांनी मागं थांबा, मोफत वह्या घेऊन जा.” वर्गात असा एकच मुलगा. तो मागं थांबायचा आणि बाकीचे बाहेर पळायचे. मग मैदानातही “ए बहुसांस्कृतिक, बॉल दे” असंच सुरू झालं. हे तरी फक्त आमच्या डोक्यातलं नाही ना?

तो यायचा बंद झाल्यावर शाळेनं काय केलं ते ऐक. सगळ्यांना सभागृहात बसवून चित्रफीत दाखवली. मग एका कागदावर सही, ‘मी भेदभाव करणार नाही.’ सही करताना मागची पोरं पुढच्यांच्या पाठीवर कागद ठेवून गुदगुल्या करत होती. दारात एक मोठं चित्र लावलंय, सगळ्या रंगांची मुलं हात धरून उभी. त्यातल्या एकाला कुणीतरी मिशा काढल्यात. उपमुख्याध्यापकांनी ‘जगाचा दिवस’ ठरवला, आणि सुबिननं नेपाळी टोपी घालून झेंडा घेऊन मंचावर यावं, असं त्याच्या आईला फोन करून सांगितलं. म्हणाले, त्यानं त्याचा आत्मविश्वास वाढेल. त्याची आई बोलता बोलता फोन ठेवून मोकळी झाली, असं आमच्या वर्गबाई दुसऱ्या बाईंना सांगत होत्या.

समिती २० तारखेला आहे. बाबांनी वकील बघितलाय. वकील म्हणतात, ‘सगळा वर्गच करत होता’ असं म्हणायचं, म्हणजे एकट्याच्या नावावर काही येत नाही. फवाऱ्याचं म्हणशील तर वर्गात बरेच जण होते.

बोमीला सांग, तिच्या खुर्चीला कुणी हात लावणार नाही. मी आहे ना.

चानू


मुरेदो बेट
९ नोव्हेंबर

चानू,

‘तू वेगळी आहेस’ हे वाक्य तुझ्या काकूनं मला तीनदा वाचून दाखवलं. मी सांगितलं नव्हतं तरी. मग पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, वेगळी कशी गं? तू तर माझ्यापेक्षा जास्त घोरतेस. ती हसली नाही. मग मी म्हटलं, तुला काय लिहायचं ते तू लिही, मी चहा टाकते. पुढचं तिचं आहे. मला वाचून दाखवायचं नाही, असंही मीच सांगितलंय.

चानू, काकू लिहितेय.
मी परदेशातून लग्न होऊन या बेटावर नवीन आले होते तेव्हा बाजाराच्या बोटीत एक बाई मी शेजारी बसले की खिडकी उघडायची. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. मीही हसायचे. मला भाषा येत नव्हती, आणि हसणं हे एकच सगळ्यांना कळतं असं मला वाटायचं. त्या बाईचा चेहरा आता मला आठवत नाही. पण बोटीतले बाकीचे आठवतात. कुणी कोटाची बटणं लावायचं, कुणी झोपेचं सोंग घ्यायचं, दोघी तोंडावर हात धरून हसायच्या. त्या दोघींना मी आजही ओळखते. एकीकडून मीठ घेते. तुझा सुबिन हसत होता म्हणून त्याला चाललं, असं कुणाला सांगू नकोस. आणि मला वेगळी काढू नकोस. मला वेगळं काढलंस की माझ्यासारखे बाकीचे सगळे खिडकीपाशीच राहतात.
– लुयेन

आजी परत बोलतेय. चहा गार झाला. तुझ्या काकूचं तोंड बघून काय लिहिलंय ते मला कळलं.

आता फवारा. तू ‘बरेच जण होते’ म्हणून सटकलास. वर्गात बरेच जण होते हे मला ठाऊक आहे, वर्ग म्हणजे काय एकट्याची खोली? पण तुझ्या आईच्या जोड्यांच्या कपाटात एक निळी बाटली असते. सुगीच्या सणाला आले होते तेव्हा त्या वासानं मी शिंकून शिंकून बेजार झाले होते. मी पुढं काही विचारत नाही.

तुझी सभागृहं आणि झेंडे मला कळत नाहीत. माझ्या परीनं मी काहीतरी करते. खोकं पाठवलंय. यंदाचं पहिलं शेवाळ, भाजलेलं. सुकट. आणि नव्या कोबीची आंबवलेली, तिखट किमची. ते घेऊन सुबिनच्या घरी जा. बापाच्या गाडीतून नाही, पायी. दोन्ही हातांनी दे आणि वाकून नमस्कार कर. भरल्या पोटी माणूस रागावून राहत नाही.

(मी आईंना म्हटलं, आधी विचारायला हवं. त्या म्हणाल्या, किमची द्यायला काय विचारायचं? – काकू)

आजी


मोक्पो
१७ नोव्हेंबर

आजी,

तुझ्या खोक्यानं माझी वाट लावली.

मी शनिवारी गेलो. त्यांचं घर मासळीबाजाराच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर. दारात त्याचे बूट होते, ते मी ओळखले. आतून खेळाचा आवाज येत होता, घंटी वाजवली तसा बंद झाला. दार त्याच्या बाबांनी उघडलं. आजी, ते अगदी तुमच्यासारखं बोलतात! शेवाळाच्या बोटीवर इतकी वर्षं काम केलंय की आपल्या बेटाची बोली माझ्यापेक्षा त्यांना चांगली येते. मी पुस्तकी बोलत होतो आणि ते, “काय रं पोरा, कुणाकडचा तू?”

मी नाव सांगितलं. त्यांनी दार पुढं ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर आले. म्हणाले, “खोक्यात काय?” मी सांगितलं. “तू बनवलंस?” म्हटलं, नाही, आजीनं. “मग देतोयस तू कशाला?” ते रागावले नव्हते आजी, तेच वाईट होतं. म्हणाले, “आजीला सांग, वासावरूनच कळतंय, माल एक नंबर आहे. पण मी हे घेतलं, तर जिना उतरताना तुला वाटंल, चला, फिटलं. तसं मला वाटू द्यायचं नाही. माझं पोर सकाळी दप्तर भरतं, बूट घालतं आणि दारातनं परत फिरतं. त्याला शाळंत जाऊन बसता यायला पाहिजे. किमची आमच्याकडं आहे.”

मी खोकं घेऊन परत आलो. जिना उतरताना मला खरंच वाटत होतं, की घेतलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे ते बरोबर होते.

सोमवारी आमच्या वर्गबाईंना कळलं. पांग बाई. त्या कधी ओरडत नाहीत, पण त्या दिवशी ओरडल्या. “त्यानं बोलावलं होतं का तुला? त्याचं घर ही एकच जागा उरली होती, जिथं तू नव्हतास.”

आजी, निळी बाटली आमच्याच कपाटातली होती. मीच नेली. पहिल्या दिवशी सगळे इतके हसले की दुसऱ्या दिवशी नेली नसती तर विचारलं असतं, आज काय झालं. पण मला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. २० तारखेला वकील माझ्या शेजारी बसणार आहेत.

चानू

ता. क. किमची बाबांनी खाल्ली. सगळी.


मुरेदो बेट
२४ नोव्हेंबर

चानू,

दुसऱ्याच्या दारातनं परत आलेली किमची तुझ्या बापानं संपवली हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. लहानपणीही तो देवापुढचा नैवेद्य असाच लंपास करायचा.

एक दिवस मला त्या नेपाळच्या माणसाचा राग आला होता. माझं खोकं परत? या बेटावर कुणाची छाती झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोबी मिठात घालता घालता राग उतरला. माणूस खरं बोलला. मला वाटलं होतं, पोट भरलं की झालं. माझं सगळं आयुष्य तसंच गेलं ना, कुणी मेलं की भात, कुणी जन्मलं की शेवाळाचं सूप. पण या वेळी भूक कुणाला लागली होती? मला. माझा नातू वाईट नाही असं कुणीतरी म्हणावं याची भूक. खोकं मी माझ्यासाठीच पाठवलं होतं.

किमचीसाठी कोबीत मसाला भरायला सगळ्या शेजारणी आल्या होत्या. तिखटात हात बुडवून बोलायला बरं असतं, कुणी कुणाच्या डोळ्यांकडं बघत नाही. मी लुयेनला सगळ्यांसमोर विचारलं, “तू असतीस तर तुला काय हवं असतं?” तिनं सांगितलं ते असं. ती नवीन असताना तालुक्याच्या कचेरीनं असाच एक सोहळा केला होता. तिला तिच्या गावचा लांब अंगरखा घालून मंचावर उभं केलं, हातात झेंडा दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि परतीच्या बोटीत तीच खिडकी तशीच उघडी. “तुला काय पाहिजे, असं मला कुणी विचारलंच नाही,” म्हणाली. “विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बोटीतल्या चार जणांना सांगा की खिडकी बंद करा. तेवढंच.” ओक्जा मान खाली घालून कोबीच्या पानात जरा जास्तच मसाला भरत राहिली.

वाऱ्यामुळं बोट बंद आहे. समितीत काय झालं ते मला माहीत नाही. तू काय बोललास तेही नाही. तुझ्या बापाचा वकील हुशार असेल. पण त्या पोराला परत वर्गात यायचं असेल, तर ‘सगळ्यांनी केलं’ असं ऐकून तो काय करणार? सगळ्यांनी केलं असेल तर सगळ्यांचीच भीती.

मी सल्ला देत नाही. तुमच्या शाळेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, माझ्या स्वतःच्याही ठेवलं नव्हतं. तुझ्या त्या पांग बाईंना माझा नमस्कार सांग. ओरडल्या ते चांगलं केलं.

आजी


मोक्पो
११ डिसेंबर

आजी,

तुझं पत्र समितीनंतर आलं. म्हणून आधी तेच सांगतो.

वकिलांनी पहिलं वाक्य सुरू केलं, “वर्गातल्या एकूण वातावरणाचा विचार करता...” आणि मी म्हणालो, बाटली माझ्या घरची होती, मीच नेली, मीच मारायचो. वकिलांनी त्यांची बॅग बंद केली. आवाज न करता. बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. शिक्षा झाली: लेखी माफी, सुट्टीत साफसफाईचे तास, सुबिनच्या जवळ जायचं नाही, आणि दाखल्यावर शेरा. शेरा राहणार. आई रडली. मी नाही रडलो.

मला वाटलं, आता तो येईल. नाही आला.

मग पांग बाई त्याच्या घरी गेल्या. आधी विचारून. आल्यावर आमचा पूर्ण तास घेतला, दार लावून. आधी स्वतःचंच सांगितलं. म्हणाल्या, “रोज सकाळी वर्गात छान वास यायचा. मला वाटायचं, काय नीटनेटकी मुलं आहेत. मी एकदाही विचारलं नाही, वास कसला आणि फक्त एकाच ठिकाणी का. वह्यांसाठी त्याला मागं थांबवणारीही मीच.” आजी, शिक्षक असं बोलताना मी कधी ऐकले नव्हते. मागच्या रांगेतल्यांनी गुदगुल्या करणं थांबवलं.

मग म्हणाल्या, “चानूनं काय केलं त्याचा निकाल लागलाय. तो विषय संपला. आज मला बाकीच्यांशी बोलायचंय. हसलं कोण?” मग हेवॉन उठली. ती सगळ्यात जोरात हसायची. म्हणाली, “मी. मला तो आवडत नाही म्हणून नाही. मी हसले नसते तर पुढची खुर्ची माझी असती असं वाटलं.” मग एकेक जण बोलायला लागला. सगळे नाही. पण बरेच.

बाईंनी सांगितलं, सुबिनला काय हवंय ते त्यांनी त्याला विचारलंय. त्याला सगळ्यांसमोर माफी नको. टोपी-झेंडा नको. नवी खुर्चीही नको. शाळा द्यायला तयार होती. तो म्हणाला, “एकच नवी खुर्ची आणली, तर तीच माझी हे सगळ्यांना कळणार.” त्याला इतकंच हवंय, की आत आल्यावर कुठली खुर्ची कुणाची होती हे कुणालाच सांगता येऊ नये.

म्हणून शनिवारी वर्गातल्या सगळ्या खुर्च्या मैदानात काढून धुवायच्या ठरल्या. यायची सक्ती नाही, हजेरी नाही. सकाळी आम्ही पाच-सहा जणच होतो, आणि पाणी असं गार, की बोटं वाकेनात. मला वाटलं, झालं. मग हेवॉन तिच्या दोन मैत्रिणींना ओढत घेऊन आली. फुटबॉलवाले आले. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त वर्ग होता. कुणीतरी गरम रताळी आणली. खुर्च्यांच्या पाठीवरची नावं, शिव्या, चिकटपट्ट्या, सगळं खरवडून काढलं. मग डोळे मिटून आत नेऊन लावल्या. आता माझी खुर्ची कुठली ते मलाही माहीत नाही.

आणि वह्या आता ज्यांना लागतील त्यांनी कचेरीतून घ्यायच्या, कुणीही. वर्गात नाव घेऊन कुणाला थांबवायचं नाही. हे पांग बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत भांडून करून घेतलं, असं ऐकतो. उपमुख्याध्यापक अजून ‘जगाच्या दिवसा’चं तोरण कपाटात ठेवून आहेत.

तो अजून आलेला नाही.

चानू


मोक्पो
२२ डिसेंबर

आजी, काकू,

सुबिन आला!

सोमवारी. मला त्याच्याजवळ जायचं नाही म्हणून मी मुद्दाम सर्वांत मागं, कोपऱ्यात बसलो होतो. तो आत आला, दारात थांबला, आणि सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. बराच वेळ. मग खिडकीजवळची एक ओढली आणि बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी आधीच दम दिला होता.

आता खरं सांगतो. बाई यायच्या आधी मागून कुणीतरी तोंडानं ‘फिस्स’ आवाज काढला. फवाऱ्याचा. मी बघितलं कोण ते, पण मी बोलायच्या आत हेवॉन उभी राहिली. “कोण ते? ऊठ.” मग आणखी दोघे उभे राहिले. कुणी हसलं नाही आजी. एकही नाही. तो मुलगा लालभडक झाला. आणि सुबिन मागं न बघता म्हणाला, “राहू दे, सर्दी झालीय त्याला.”

तेव्हा सगळे हसले. पण कुणावर हसले ते यावेळी वेगळं होतं.

शाळा सुटताना जिन्यात तो माझ्यासमोर आला. मी भिंतीला चिकटलो, मला अंतर ठेवायचंय ना. तो म्हणाला, “मी तुला माफ केलेलं नाही.” मी म्हटलं, “बरं.” तो म्हणाला, “गणितात कुठवर आलाय?” मी सांगितलं. तो गेला. इतकंच.

मी घरी येईपर्यंत पळत होतो, का ते माहीत नाही.

बाबांनी फोन परत दिला. पण त्या वर्गाच्या गटातून मी बाहेर पडलोय. आणि आजी, तुला फोनवर ऐकू येतच नाही, म्हणून पत्रच लिहीन.

काकू, मला तुला काहीतरी पाठवायचंय. बाजारात तुमच्याकडची माशाची चटणी मिळते, बाटलीतली. ती पाठवू का?

चानू


मुरेदो बेट
३ जानेवारी

चानू,

तुझं पत्र लुयेननं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. ‘सर्दी झालीय त्याला’ तिथं ती इतकी हसली की पेल्यातला चहा पत्रावर सांडला, म्हणून एक ओळ मला ऐकायला मिळाली नाही. ते पोर पुढं मोठं होणार. मला आवडलं.

आता त्याच्या मागं लागू नकोस. मैत्री कर, माफ कर, माझ्याबरोबर जेवायला ये, असलं काही नको. त्यानं गणित विचारलं, गणित सांग. उद्या दुसरं काही विचारेल, किंवा नाही विचारणार. ती त्याची मर्जी. दाखल्यावरचा शेरा तुझा आहे, तो तू सांभाळ. तुझ्या बापाला मी निरोप धाडलाय, की पोरगं वकिलापेक्षा बरं बोललं. तो फोनवर काहीतरी पुटपुटला. ऐकू आलं नाही, पण सूर बरा होता.

बोमी मार्चमध्ये येतेय. हा निर्णय तिच्या आईचा नाही, माझाही नाही. तुझी शेवटची दोन्ही पत्रं ती स्वतः घेऊन शेवाळाच्या छपरात जाऊन वाचून आली, आणि म्हणाली, “जाते. पण खुर्ची कुठली ते मी निवडणार, आणि चानूदादानं मी आहे ना, मी आहे ना करत मागं फिरायचं नाही.” ऐकलंस? तुझी पहारेदारी आत्ताच बरखास्त.

आणि ते खाण्याचं. माशाची चटणी नको! चौदा वर्षं तुझी आई तीच पाठवते, सोल शहरातल्या वहिनी तीच देतात, कचेरीवाले सणाला तीच देतात. कपाटात बाटल्यांची रांग लागलीय. मलाही वाटायचं, हिच्या गावची वस्तू, हिला आवडत असणार. काल पहिल्यांदाच मी विचारलं, “लुयेन, शहरातून मागवायचं तर तुला काय हवं?” पेन धरून बसली, लाजली, मग म्हणाली, मोक्पोच्या बाजारात पुलाच्या टोकाला एक म्हातारा पीळ दिलेले गोड वडे तळतो, साखरेत घोळवलेले. ते तिनं एकदाच खाल्ले होते, लग्न होऊन बोटीची वाट बघताना, आणि नंतर कधी मागितले नाहीत.

(आईंनी हे लिहायला लावलं. पण खरं आहे. – काकू)

तर ते वडे पाठव. सकाळच्या पहिल्या बोटीनं, खलाशाच्या हाती दे, डेकवर ठेवू नकोस म्हणावं. साखर वर भुरभुरू देऊ नकोस, समुद्राच्या हवेत तिचं पाणी होतं. वेगळ्या पुडीत बांधून दे. थोडे जास्तच घे, बोमी आणि ओक्जा वासावर येतीलच. वडे कडक झाले तरी चालतील, मी तव्यावर शेकीन.

आजी